भजनाऐवजी इंग्रजी गाणी

अर्जदार: उत्रोलीचे वयोवृद्ध पखवाजवादक, नाव त्यांच्याच इच्छेने वगळले. दिनांक: गेला मंगळवार. स्थळ: भोर कचेरीबाहेरील माझे अर्जलेखनाचे टेबल. साक्षीदार: शेजारचे मुद्रांक विक्रेते.

गावातील प्रत्येक अंत्ययात्रेत भजनाला पखवाज सदर गृहस्थांचाच असतो. बोलतानाही ते माझ्या टेबलावर बोटांनी ठेका धरतात. मंगळवारी त्यांनी सांगितलेला मजकूर ऐकून माझी लेखणी जागीच थबकली.

"लिवा. म्या मेल्यावर भजन नको. टेम्पोवर ह्या कॅसेटीतली इंग्रजी गाणी लावा. ऐंशी सालानंतरची हायेत."

"अण्णा, त्यातला एक शब्द तरी आपणांस कळतो का?"

"न्हाई. पन त्यो ढोलवाला ठोका चुकत न्हाई. मदीच ढोल थांबतो अन् एकटं गिटार रडतं, तवा काटा येतो अंगावर. माझ्यामागं पखवाज कोन वाजवनार? बेताल वाजला, तर तिरडीवर उठून बसंन म्या."

मुद्रांक विक्रेते हसले. मी विचारले, "कोणास शिकवले का नाही?"

त्यांची बोटे थांबली. "शिकायला आलंच न्हाई कुनी."

सबब गावच्या भजनी मंडळास विनंती की, एक तर हे मागणे मान्य करावे, नाही तर शिकणारा पाठवावा. आणि उत्तर अर्जदाराच्या हयातीतच द्यावे.