चेकिंगचं गाणं

सह्याद्रीच्या अलीकडच्या अंगाला परदेशी रॉक संगीताचा खरा जाणकार एकच झाला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. हे विधान खोडून काढायचं तर दुसरा जाणकार लागेल. तो शहापुरात नाही, मुरबाडात नाही, पार माळशेजच्या पायथ्यापर्यंत कुठेच नाही. साडूंच्या आयुष्यातली मुख्य अडचण हीच आहे.

साडूंचा मुरबाडला मंडप, लायटिंग आणि साउंडचा धंदा आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. मी शहापूर तालुक्यात शाळेवर, राहायला आटगावला. साडू वयानं मोठे, तरी मला ते पहिल्यापासून ‘गुरुजी’ म्हणतात. लग्नानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा पानावर बसता बसता त्यांनी एका बँडचं नाव घेतलं आणि विचारलं, “काय वाटतं तुमाला?” मला वाटलं मुरबाडचा एखादा वरातीतला बँड असेल. मी म्हणालो, “बरा असेल तर आमच्या पुतण्याच्या लग्नाला सांगू.” साडूंनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं, मग पानात मटणाची आणखी एक फोड वाढली आणि म्हणाले, “जेवा.”

तो बँड चार गोऱ्या माणसांचा. कुठल्याशा थंड, चिखलाच्या गावातली ही माणसं. त्यांच्या बँडच्या नावात एक अक्षर लिहायचं असतं पण उच्चारायचं नसतं, आणि मी नेमकं तेच उच्चारतो, म्हणून इथे नाव देत नाही. साडू कल्याणला डिप्लोमाला असताना त्यांचा खोलीतला जोडीदार मेघालयातला होता. तो शिक्षण अर्धवट टाकून गेला आणि जाताना कपाटात कॅसेटी विसरला. पुढे त्याचा पत्ता लागला नाही. या बँडबद्दल साडूंशी बरोबरीनं बोललेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात, असं त्यांनी मला सांगितलं. मी शाळामास्तर असल्यामुळे व्याख्या विचारली. साडू म्हणाले, “घाटात दरड आली की बोर्ड लावतात ना, ‘पर्यायी मार्ग’? तसं हाय. मोठ्या रस्त्यानं सगळे जातात. पर्यायी मार्ग लांबचा, खड्ड्यांचा, पण त्या बाजूची गावं तुमाला दुसरीकडून दिसायची नायत.” मी एम.ए. होऊनही इतकी चांगली व्याख्या एकाही वर्गात दिलेली नाही. मात्र पुढे त्यांनी सातही अल्बमचं मूल्यमापन सुरू केलं आणि माझी शेवटची एसटी चुकली.

ते मूल्यमापन मला आता पाठ आहे. पहिला अल्बम कच्चा, पण भूक लागलेल्या माणसांनी केलेला. दुसरा शिजला, वाफ मात्र जिरली नाही. तिसरा म्हणजे कळस. त्याच्याबद्दल बोलताना साडू आवाज खाली आणतात. चौथ्यात बँडला बरे दिवस आले, “आणि घराला ग्रॅनाइट लावतात तसा त्यांनी सगळीकडे कीबोर्ड लावला.” पाचव्याच्या वेळी गिटारवाला भांडून गेला. सहाव्यात तो परत आला, पण सगळे एकमेकांशी जपून बोलतात हे ऐकू येतं. सातवा कुजबुजल्यासारखा गायलेला, आणि त्यानंतर बरीच वर्षं चिडीचूप. साडू माणसंही याच मापानं मोजतात. आमच्या नव्या मुख्याध्यापकांना भेटून आल्यावर म्हणाले, “चौथा अल्बम.” मला पटलं. स्वतःच्या बायकोला मात्र ते तिसरा अल्बम म्हणतात. माझ्या मेहुणीला यात कौतुक आहे की कसं, हे वीस वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. ती म्हणते, “ह्यांच्या बँडाला एकच ऐकणारा, आणि तोपण स्पीकरच्या मागं उभा.”

ते मागे उभे असत, कारण धंदाच तसा. तालुक्यातल्या निम्म्या हळदींना साउंड त्यांचा. लोकांना कमरेपासून हलवणारी गाणी हवी असतात, साडू ती इमानानं लावतात. पण दुपारी स्पीकरचे खोके मांडून झाले, वायरी जोडल्या, की आवाज तपासावा लागतो, आणि त्या तपासणीला साडू तिसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं लावत. त्याला त्यांच्याकडे तांत्रिक कारण होतं. त्या गाण्यात आधी एकटी गिटार येते, मग खालून बेस, मग ढोल. वाद्य न् वाद्य सुटं ऐकू येतं. खोके बरोबर लागलेत हे कळेपर्यंत तेवढं वाजायचं आणि बंद व्हायचं. गाणारा तोंड उघडतो ते फार नंतर. तिथपर्यंत गाणं कधी पोचलंच नाही. हळदीची गाणी सुरू करायला लोक ताटकळलेले असायचे.

दोन-तीन वर्षांपूर्वी मुलीच्या शिक्षणासाठी मेहुणीनं कल्याणला बिऱ्हाड केलं. मुरबाडला रेल्वे नाही, रोजची जीपची ओढाताण मुलीला झेपेना. साडू धंद्यापायी मागे राहिले. एकदा मी गेलो तर खाली गाळ्यात माणसाच्या उंचीचे स्पीकर छतापर्यंत रचलेले, आणि वरच्या खोलीत साडू कानात फोनची बोंडं घालून बसलेले. तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज या माणसाच्या ताब्यात, आणि हा त्यातला चिमूटभर घेऊन बसलेला. मी विचारलं तर म्हणाले, “शेजारी आजारी माणूस हाय. आणि मोठ्यानं लावून ऐकवू कुणाला?” मग मला चहा करून दिला. चहात साखर टाकायची राहिली होती. आम्ही दोघांनीही तो तसाच प्यायला.

त्याच बैठकीत त्यांनी मनातली एक गोष्ट काढली. बँडची खरी किंमत अल्बमवर ठरत नाही, त्यानं मागे काय सोडलं यावर ठरते. परदेशात म्हणे या चौघांचं ऐकून कितीतरी पोरांनी गिटारी हातात घेतल्या. “आपल्याकडं बघा. एवढी वर्षं मी वाजवतोय. कुणावर काय परिणाम झाला? शून्य.” मी कप विसळून ठेवला.

आणि मग बँडचा आठवा अल्बम येणार अशी बातमी आली. ती मला मुलगा पास झाल्यासारखी फोन करून सांगितली गेली. अल्बम यायच्या दिवशी त्यांनी हळदीची ऑर्डर घेतली नाही. दाढी केली. तिसऱ्या दिवशी, रविवारी भर दुपारी, मोटारसायकलवरून ते आटगावला आमच्या दारात उभे. त्यांचा चेहरा बघून माझ्या बायकोच्या हातातलं सूप खाली पडलं. “भावजी, ताईला काय झालं?”

“नाय नाय, सगळी बरी हायत,” साडू म्हणाले आणि पायरीवरच बसले. पाणी प्यायले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आठवा आला, गुरुजी.”

“मग? कसा आहे?”

“चांगला हाय. स्वच्छ वाजवलाय. कुठं चूक नाय.”

साडू एका अल्बमवर तीन वाक्यांत थांबले असं कधी झालं नव्हतं.

“ते आता मला सांगत नायत, गुरुजी,” ते म्हणाले. “आधी गायचे ते मला सांगायचे. आता दुसऱ्याच कुणाला तरी सांगतात. त्यांची काय चूक? माणसं पुढं गेली. मीच मागं राहिलो.”

बायकोनं त्यांना गरम भाकरी वाढली. ते जेवले, भाजीला चांगली म्हणाले, आणि ऊन उतरायच्या आत निघाले. ते गेल्यावर बायको म्हणाली, “कोण हो ही माणसं? भावजींना ओळखतात तरी का?” मी नाही म्हटलं. “मग ह्यांनी एवढं कशाला लावून घ्यायचं?” असं म्हणाली खरी, पण संध्याकाळी तिनं बहिणीला फोन करून सांगितलं, एकदा मुरबाडला जाऊन ये.

त्यानंतर साडूंनी ते गाणं लावणं सोडलं. माइकवर ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं, टिचकी मारायची, झालं चेकिंग. हे मला त्यांच्या माणसांकडून कळलं. पुढे टोकावड्याच्या पलीकडच्या एका गावात माझ्या शाळेतल्या शिपायाच्या मुलाची हळद होती. मी दुपारीच पोचलो. साउंड साडूंचा. त्यांनी खोके मांडले, वायरी जोडल्या, ‘हॅलो, हॅलो’ म्हणाले आणि हळदीची गाणी काढायला लागले. तेवढ्यात नवऱ्यामुलाची आत्या ओटीवरून खाली आली. हात कोपरापर्यंत पिवळे.

“दादा, चेकिंगचं गाणं नाय लावलंस?”

“चेकिंग झालं, मावशे.”

“असं कसं झालं? गाणं वाजलं नाय त चेकिंग कसं झालं?”

“मशीन चांगली हाय. गाण्याची गरज नाय.”

“गरज नाय कशी? माझ्या हळदीला वाजलं. धाकटीच्या हळदीला वाजलं. ते वाजलं का मंगच आमी पाटावर बसवतो.” आणि तिनं तोंडानं ती गिटार वाजवून दाखवली. टुंग, टुंग, टुटुंग. सूर बरोबर होता. मंडपाच्या मेढीला टेकलेले एक आजोबा म्हणाले, “लाव ना रं बाबा. त्याच्याबिगर लगीन असल्यासारखं वाटत नाय.” नवऱ्यामुलाचा बापही म्हणाला, “लावा दादा, उगा अपशकून नको.”

साडू वळून माझ्याकडे बघायला लागले. एरवी मी खो खो हसलो असतो, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. त्यांनी गाणं लावलं. गिटार आली, बेस आला, ढोल आला. ओटीवरच्या बायका कामातून वर न बघता माना हलवत होत्या. नेहमीची जागा आली, पण साडूंनी या वेळी बंद केलं नाही. गाणं पुढे गेलं, आणि त्या गोऱ्या माणसानं गायला सुरुवात केली.

आत्या दचकली. “अगो बाय! याच्यात माणूस पण हाय?”

सगळा मंडप हसला. कोणीतरी ओरडलं, “बास, झालं चेकिंग! आता गाणं लावा!” साडूंनी बंद केलं. तेही हसत होते.

पोरी नाचायला लागल्या तसा मी स्पीकरच्या मागे गेलो आणि पहिल्यांदाच, मनापासून विचारलं, “साडू, पुढं काय म्हणतो तो?”

मला वाटलं आता व्याख्यान होणार. त्यांनी बोटानं कपाळावरचा घाम निपटला. “काय खास नाय. म्हणतो, तुझ्या खुर्चीवर हल्ली मी कपडे टाकतो. येणार असलीस तर उचलतो.”

“एवढंच?”

“एवढंच. तेच फिरून फिरून म्हणतो.” मग त्यांनी मला टेम्पोत बसवलं, काचा वर केल्या, टेपवर गाणं पहिल्यापासून लावून दिलं आणि मिक्सरकडे परत गेले. गाणं लांबलचक होतं. मला ते फारसं आवडलं नाही. गाणाऱ्याचा सूर मधेच घसरत होता आणि शेवटी सगळी वाद्यं एकेक करून निघून गेली. बाहेर अंगणभर माणसं स्पीकरकडे तोंड करून नाचत होती. त्या सगळ्यांत एकटे साडू स्पीकरला पाठ करून, टेम्पोकडे तोंड करून, काचेतून माझा चेहरा दिसतो का ते बघत होते. मी मान डोलावली. ते बघत राहिले, म्हणून मीही डोलावत राहिलो. गाणं संपून तोवर बराच वेळ झाला होता.