दोघांमधली बाचाबाची

"तिचं इंग्लिश चांगलं हाय ना, म्हणून तर आपली मावशी गेली."

पाण्याच्या फिल्टरपाशी पॅकिंगच्या दोन बायका बोलत होत्या. मी पार्टिशनच्या अलीकडे, रिकामी बाटली हातात घेऊन उभी. दुसरी म्हणाली, "हळू बोल. ती बोलत न्हाय, पण ऐकते सगळं." मग दोघी लाइनवर गेल्या आणि मी बाटली न भरताच खुर्चीवर येऊन बसले. त्यांच्या बोलण्यात खोडून काढावं असं काही नव्हतं.

कशेळीजवळच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात मी काम करते. हजेरी, पत्रं, आणि काही घडलं तर त्याचा इंग्रजीत रिपोर्ट. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं ते मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून. भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दिवसभर कापडाचे लूम चालतात. घरातसुद्धा ओरडून बोलावं लागतं. मला ओरडता येत नाही, म्हणून मी लहानपणापासून बोलायचंच कमी केलं.

आठवीत टीचरनी भांडणाचे इंग्रजी शब्द दिले होते. प्रत्येकाचं वेगळं वाक्य करायचं, आणि एकाच्या जागी दुसरा चालणार नाही हे पटवून द्यायचं. मला ते फार आवडलं होतं. स्क्वॉबल म्हणजे खोडरबरावरून दोन पोरं भांडतात ते. बिकरिंग आमच्या घरात रोज चाले, पंखा बंद कर, पंखा लाव. क्वॉरल झालं की माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. आर्ग्युमेंटमध्ये निदान एखादा मुद्दा असतो. डिस्प्यूटला कागद लागतात, जमिनीचे नाहीतर कोर्टाचे. आणि ऑल्टरकेशन म्हणजे चारचौघांत दोघांचेही आवाज चढलेले, हात उचलायच्या बेतात आलेले. हा पोलिसांचा शब्द आहे, टीचर म्हणाल्या होत्या, जपून वापरा. माझी वही वर्गात फिरवली गेली. जिचं कधी कुणाशी भांडण झालं नव्हतं तिलाच भांडणाचे सगळे शब्द येत होते.

मावशी वज्रेश्वरीकडच्या एका गावातून यायच्या. सकाळची पहिली एसटी, मग भिवंडीतून रिक्षा, आणि आठच्या शिफ्टला हजर. पन्नाशीच्या असतील. त्यांना सगळे मावशीच म्हणत, मीसुद्धा.

सुपरवायझरनं तेव्हा एक नवी रीत सुरू केली होती. बाई बाथरूमला गेली की तो मोबाइलवर वेळ लावायचा आणि ती परत आली की सगळ्या लाइनला ऐकू जाईल अशी मिनिटं सांगायचा. बायका खाली मान घालून जागेवर उभ्या राहायच्या. काही जणींनी दुपारपर्यंत पाणी पिणंच सोडलं होतं. त्या दिवशी मावशी परत आल्या तेव्हा तो म्हणाला, "ग्यारह मिनट. मावशी, अंदर सो गयी थी क्या?"

मावशींनी हातमोजे चढवता चढवता उत्तर दिलं, "घड्याळ तुझ्याकडं हाय, पोट माझ्याकडं हाय."

सगळी लाइन हसली. ते हसणं त्याला लागलं. त्यानंतर तो कितीतरी वेळ ओरडत होता. त्यांचं वय काढलं, गाव काढलं, सहीऐवजी अंगठा लावण्यावरून बोलला. मावशी खोक्यांना टेप लावत राहिल्या. शेवटी त्यानं त्यांच्या गळ्यातलं आयकार्ड ओढलं, मावशींनी दोरी धरून ठेवली आणि ती तुटली. एवढंच झालं. ऑफिसच्या काचेतून मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं.

मॅनेजरनं दोघांचं म्हणणं लिहून घ्यायला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, ही बहस करत होती, कार्ड मागितलं तर अंगावर आली. मावशी माझ्या टेबलासमोर उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मी भांडले न्हाय बाय," त्या म्हणाल्या. "भांडले असते तर सांगितलं असतं, भ्यायला काय झालंय. तू बघितलंस ना? मग बघितलंस तसं लिव."

पहिल्या खर्ड्यात मी तसंच लिहिलं. सुपरवायझर ओरडला, कामगार गप्प होती, त्यानं कार्ड ओढलं. तिसरीतल्या मुलीला जमतील अशी वाक्यं. मॅनेजरनं वाचून कागद परत सरकवला. हे एकाच बाजूचं वाटतं, तो म्हणाला, दोघांमध्ये काहीतरी झालं असं यायला हवं. फाइट लिहून टाक.

फाइट म्हणजे मारामारी होईल, असं मी कसंबसं म्हणाले.

"मग तू सांग शब्द. इंग्लिशवाली तू आहेस."

मी ऑल्टरकेशन सांगितला. त्यानं तो दोनदा पुटपुटून पाहिला. "मस्त आहे," म्हणाला, "वजन आहे शब्दात." आणि मला बरं वाटलं. माझी वही पुन्हा वर्गात फिरावी तसं. बाकी सगळ्याला मी कारणं देऊ शकते, नोकरीचं, वरिष्ठांचं, माझ्या स्वभावाचं. त्या बरं वाटण्याला मला आजही कारण देता येत नाही.

खरं तर टीचरनी जपून वापरायला सांगितलेला तो एकच शब्द होता. आणि हेड ऑफिसच्या नियमांतही तो होता: ऑल्टरकेशनमध्ये सापडलेला ठेकेदाराचा कामगार त्याच दिवसापासून बंद, कंपनीच्या माणसाला फक्त लेखी समज. मावशी ठेकेदाराच्या होत्या, सुपरवायझर कंपनीचा. नियमांची ती फ्रेम माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसते. लावली तेव्हा मी वाचली होती, म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

तीन दिवसांनी मावशींच्या नावाचं पत्र आलं. ठेकेदारानं त्यांचं नाव आमच्याच नाही, त्याच्या सगळ्या गोडाऊनच्या यादीतून काढलं. पत्र द्यायला मलाच गेटवर पाठवलं, कारण ते इंग्रजीत होतं आणि समजावून कोण सांगणार. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. त्या शब्दापाशी आले तेव्हा त्यातल्या त्यात मऊ म्हणून बाचाबाची म्हटलं.

मावशींनी पत्राकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाचाबाची म्हंजे दोघांची ना?"

मी हो म्हटलं.

"मंग तो बी गेला का?"

मी पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली. वॉचमनसुद्धा दुसरीकडे बघत होता. मावशींनी घडी पिशवीत टाकली, आत कुठेतरी तुटलेली दोरीही असणार, आणि रिक्षा थांबतात तिकडे निघून गेल्या. पुढे बायकांच्या बोलण्यातून कळलं की त्या वज्रेश्वरीच्या एका लॉजवर चादरी धुतात. अजूनही तिथेच आहेत. पुढचं वाचून त्या परत आल्या असतील असं कुणाला वाटू नये, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते.

फिल्टरपाशी ते वाक्य ऐकलं, त्याच दिवशी दुपारी हेड ऑफिसच्या मॅडम पाहणीला आल्या. मॅनेजर, सुपरवायझर आणि फाइली घेऊन मी, असे आम्ही त्यांच्यासमोर. सुपरवायझरच्या हातात तोच मोबाइल. पॅकिंगच्या बायकांना तक्रार नसल्याच्या कागदावर सह्या करायला दोघीदोघी करून बोलावत होते, आणि दारात नेमक्या सकाळच्या त्या दोघी येऊन उभ्या होत्या.

मॅडमनी मावशींची फाइल उघडली. हे ऑल्टरकेशनचं प्रकरण संपलं ना, त्यांनी इंग्रजीत विचारलं. मॅनेजर म्हणाला, संपलं. सुपरवायझरनं मान हलवली. मॅडमनी रिपोर्टवरून बोट फिरवलं आणि मान वर करून मला म्हणाल्या की भाषा अगदी स्वच्छ आहे, दुसरीकडून असे रिपोर्ट येत नाहीत.

मावशींना काढून सहा आठवडे झाले होते. मी काहीही बोलले तरी लॉजवरच्या चादरी सुटणार नव्हत्या बहुतेक. इंग्रजीत वाक्य तयार होतं, चांगलं होतं, त्यात दोन जड शब्दही होते. पण दारातल्या दोघींना ते कळलं नसतं. माझा आवाज फाटला, आणि गल्लीत लूमवरून ओरडतात तेवढा मोठा निघाला.

"मॅडम, हा रिपोर्ट खोटा आहे. दोघं भांडली नव्हती. हे सुपरवायझर एकटेच ओरडत होते आणि मावशी काम करत होत्या. मी काचेतून बघत होते, आणि तरी मी असं लिहिलं."