दातांनी ऐकणारा

चाकणच्या वर्कशॉपमधून जहाजाचा दुरुस्त केलेला पंखा निघायचा होता. तपासणीच्या कागदावर माझी सही झाली होती आणि ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तेवढ्यात एक म्हातारा कारागीर आडवा आला. ग्राइंडरच्या आवाजाने त्याचे कान कधीच गेले होते. सळईचं एक टोक दातांत धरून त्याने दुसरं पात्याला टेकवलं आणि हातोडी मारली. चौथ्या पात्यावर त्याने डोळे मिटले, पुन्हा मारली.

"आत चीर हाय, सायेब."

"मशीनने पास केलंय, काका! समुद्र तरी पाहिलाय का कधी?"

माझे ओठ वाचत तो म्हणाला, "न्हाई. पन तिथनं मानसं घरी यायची असत्यात."

वेल्डिंग उकरलं, तर खाली नखाएवढी चीर निघाली.

हल्ली सही करताना माझे दात आपोआप आवळले जातात.