झाडाखाली राख नव्हती

ती अटक मला आजही आठवते, कारण ती केलीही मीच आणि चुकीची ठरवलीही मीच.

पोंभुर्ण्याकडच्या एका गावात मोहफुलांच्या हंगामात जंगलाला आग लागली आणि फुलं वेचणारी एक म्हातारी भाजून मेली. पडलेली फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची इकडे जुनी सवय. गावच्या वन समितीचे अध्यक्ष स्वतः ठाण्यात आले आणि त्यांनी एका मजुराचं नाव दिलं. तो मागे एकदा पाला जाळताना सापडला होता. दुपारपर्यंत मी त्याला कोठडीत घातलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली, मीही फुगलो.

पंचनामा केला तर त्याच्या वाट्याच्या मोहाच्या झाडाखाली राखच नाही. जमीन खराट्याने लख्ख झाडलेली.

"यंदा मी झाडलं जी साहेब, जाळलं नाई," तो सांगत राहिला.

"पुरावा लपवायला झाडलंस!" मी खेकसलो.

जबाब लिहिणाऱ्या महिला हवालदाराने पेन खाली ठेवलं. "साहेब, राख असती तरी हाच, राख नाई तरी हाच. मंग यानं करावं तरी काय?"

मला तिचा भयंकर राग आला. ती बरोबर होती म्हणूनच आला.

दुसऱ्या दिवशी आग कुठून आली ते शोधत जळालेल्या पट्ट्याच्या कडेने उलट्या दिशेने चालत गेलो. सुरुवात सापडली ती अध्यक्षांच्या मोहाखाली. कोणता मोह कोणाचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. अध्यक्षांना बोलावलं, चहा दिला.

"मी गावाले आग लावू नका म्हणतो, मी लावीन काऊन?"

"पाला जाळला होता का, भाऊ?"

"ते आपलं थोडंसं. इझवूनच घरी गेलो. तेवढ्यानं का जंगल जळते? आग त्यानंच लावली, त्याले सवयच हाये."

त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मीही दोन दिवस स्वतःला असंच पटवत होतो. म्हणून दरडावण्याऐवजी मी त्यांना माझी चूक सांगितली. "भाऊ, मी चुकीचा माणूस धरला. आता कोर्टाला तसं लिहून द्यायचंय. मलाही जड जातंय."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग ढसाढसा रडले. "इझवली नवती, साहेब. इझली असन समजून गेलो."

अध्यक्षांचा जबाब नोंदवला, मजूर सुटला. 'अटक चुकीची, जबाबदारी माझी' हे अहवालात मी स्वतःच्या हाताने लिहिलं. दुसऱ्याला फसवण्याआधी माणूस स्वतःची समजूत घालतो, आणि अंगावर वर्दी असली म्हणून पोलीस काही त्यातून सुटत नाही.

माझ्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आला. तो काढून घ्या म्हणून सगळे मागे लागले, मी अर्ज केला नाही. माझी पदकं कपाटात पडून आहेत. नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा मी तो शेरा मोठ्याने वाचून दाखवतो.