आर्नेलची रविवारची डॉक्टर

फोन आला तेव्हा मी सुके बोंबील साफ करत होते. शनिवारची संध्याकाळ होती, सात वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी आर्नेल जेवायला येणार म्हणून बोंबलांची डोकी-शेपट्या कापून तुकडे करून ठेवायचं काम चाललं होतं. पलीकडून त्याच्या टीमचे कोच बोलत होते, लीड्सहून. त्याच्या मोबाइलमध्ये ‘टीता डॉक’ असं नाव दिसलं म्हणून तुम्हाला लावला, म्हणाले. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळे हातपाय मोकळे करत होते. आर्नेलनं बॉल बास्केटमध्ये टाकला, मागे वळला आणि खाली बसला. मग आडवा झाला. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी खूप प्रयत्न केले… “आय अ‍ॅम सो सॉरी,” ते म्हणाले. मी विचारलं, “कुठला आर्नेल?” जणू माझ्या ओळखीत दहा आर्नेल होते.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. इतकी वर्षं मी मँचेस्टरमध्ये जीपी आहे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत फॅमिली डॉक्टर. वाईट बातमी कशी द्यायची याचं आम्हाला रीतसर शिक्षण मिळतं. ती कशी घ्यायची हे कुणी शिकवत नाही. त्या संध्याकाळी मी फोन ठेवला आणि उरलेले बोंबील साफ करून टाकले. सगळे. डबा भरून फ्रीजमध्ये ठेवला, ओटा दोनदा पुसला. पस्तीस वर्षांचा माणूस. ज्याला जिना चढताना मी कधी दम लागलेला पाहिला नाही, जो माझ्या दम्यावर मला व्याख्यानं द्यायचा, तो खाली बसतो काय आणि उठतच नाही काय. मला ते अजून खरं वाटत नाही. लिहितानाही वाटत नाहीये.

आर्नेल बास्केटबॉल खेळायचा, त्यावर पोट भरायचा. आपल्या लोकांना हे सांगितलं की ते पहिल्यांदा त्याची उंची विचारत. उंची बेताचीच होती, सहा फुटांच्या जरा खाली. “मी उंच लोकांना बॉल नेऊन देतो,” तो म्हणायचा, “मी वेटर आहे.” आई-वडील फिलिपिन्सचे, हा जन्मला कॅलिफोर्नियात. वडील नौदलात आचारी होते आणि लवकर गेले. आई नर्स. अमेरिकेतल्या मोठ्या लीगनं त्याला विचारलं नाही, तेव्हा तो मनिलाला गेला. तिथे खेळायला आपण रक्तानं फिलिपिनो आहोत हे सिद्ध करावं लागतं. म्हणून आजीच्या जन्माचा दाखला शोधत तो कुठल्याशा खेड्यातल्या चर्चमध्ये पोचला, तर नोंदवहीची नेमकी ती पानं वाळवीनं खाल्लेली. शेवटी गावातल्या एका म्हातारीनं शपथेवर सांगितलं की याचं नाक त्याच घराण्यातलं आहे. हे सांगताना तो नाक असं फुगवून दाखवायचा की माझी लेक गौरी ताटावरून उठून हसायची. शाळेत त्याला पोरं चिनी म्हणायची आणि मनिलात प्रेक्षक अमेरिकन म्हणून हुर्यो उडवायचे. पुढे मेक्सिको झालं, जर्मनी झालं, सायप्रस झालं. आइसलँडमध्ये तर सकाळी माशांच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी मॅच. दर वर्षी नवा देश, एका सीझनचा करार, क्लबनं दिलेला फ्लॅट आणि दोन सुटकेसेस. तिसरी सुटकेस घ्यायची नाही हा त्याचा नियम होता. तिसरी घेतली की माणूस राहायला लागतो, म्हणायचा.

आमच्याकडे तो आला गौरीमुळे. गेल्या सप्टेंबरात तो इथल्या क्लबकडे खेळायला आला. या क्लबचे खेळाडू शनिवारी सकाळी लीजर सेंटरमध्ये मुलांना शिकवायचे. गौरी तेव्हा नुकतीच तेरा वर्षांची झाली होती आणि घरात दार आपटण्याखेरीज दुसरा कुठलाही खेळ खेळत नव्हती. आर्नेलनं तिला काय सांगितलं देव जाणे, पण ती दर आठवड्याला जायला लागली. एका शनिवारी मला सर्जरीत, म्हणजे माझ्या दवाखान्यात, उशीर झाला म्हणून तो तिला घरी सोडायला आला. मी नुकतीच घरी पोचून बोंबील तळायला घेतले होते. मी अलिबागकडची. इथे हा उद्योग खिडक्या बंद करून, शेजारी बाहेर गेलेत याची खात्री करूनच करावा लागतो. दार उघडलं आणि मी ओशाळून वासाबद्दल माफी मागायला लागले, तर हा माणूस उंबऱ्यावर डोळे मिटून उभा. गौरी म्हणाली, “आई, तो म्हणतो आपला घर त्याच्या मम्मीच्या किचनसारखा स्मेल करतो.” त्यांच्याकडेही सुके मासे तळतात आणि शेजारी तक्रार करतात. त्या दिवशी तो हातानं भात-बोंबील जेवला, आणि जाताना मला ‘टीता’ म्हणाला. त्यांच्या भाषेत टीता म्हणजे मावशी, आत्या, काकू, जी हाताशी असेल ती.

मग दर रविवारी तो यायचा. आमचे रविवार कसे असतात हे इथल्या मराठी लोकांना सांगायला नको. आपल्या मंडळातलं कुणी ना कुणी चहाला येतं, आणि चहा झाला की पिशवीतून एक पाकीट निघतं. पुण्याला गेले होते तेव्हा केलेले रिपोर्ट. “तुम्ही जरा नजर टाका हो, वहिनी.” आपल्या जीपीकडे जायचं तर अपॉइंटमेंट घ्या, थांबून राहा, इंग्रजीत सांगा. त्यापेक्षा वहिनी बऱ्या. ओळखीच्या माणसांना घरी तपासू नये हे मला पाठ आहे, आणि तरी मी सोफ्यावर बसून कित्येकांची बीपी घेतली आहेत. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. सर्जरीत मी दहा मिनिटांची डॉक्टर, इथे मी सगळ्यांची वहिनी. आर्नेल हे सगळं कौतुकानं बघायचा. एकदा त्यानंही आपला हात पुढे केला, “टीता, माझी पण बघ.” मी नाडी बघितली, घोड्यासारखी आहे म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर नाडी बघायची हा आमचा खेळच झाला. त्याचं नाव कुठल्याही जीपीकडे नोंदलेलं नव्हतं. एका सीझनसाठी कशाला, म्हणायचा. मी एकदा फॉर्म आणून दिला होता. तो त्यानं भरला नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

फेब्रुवारीतला तो रविवार. माझा नवरा बाहेर गेला होता, आम्ही तिघंच टेबलाशी होतो, तो, गौरी आणि मी. आमटी वाढून घेता घेता तो म्हणाला, “बुधवारी प्रॅक्टिसमध्ये गंमत झाली. पळता पळता एकदम अंधार. दोन सेकंद. शुद्धीवर आलो तर फरशीवर बसलेलो.”

मी विचारलं, “सकाळी काय खाल्लं होतंस?”

“कॉफी.”

“पाणी?”

तो हसला. वजन उतरवायचं चाललं होतं. चौतिशी-पस्तिशीच्या खेळाडूला पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही हे एप्रिलमध्ये ठरायचं होतं, आणि त्याला यंदा पहिल्यांदाच वाटत होतं की याच गावात आणखी एक वर्ष राहावं. “टीता, हे कुठे लिहू नकोस,” तो म्हणाला. “क्लबला कळलं तर संपलं.” मी आमटीचा हात पुसून त्याची नाडी बघितली. नेहमीसारखीच होती. म्हटलं, मीठ-साखरेचं पाणी पी, उपाशी पळू नकोस, आणि सीझन संपला की सर्जरीत येऊन एकदा नीट तपासून घे.

पळताना शुद्ध हरपली. हे वाक्य सर्जरीत कुणी उच्चारलं असतं तर मी त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. त्याच दिवशी ईसीजी काढला असता, हृदयरोगतज्ज्ञाला पत्र गेलं असतं, आणि निकाल येईपर्यंत पळणं बंद म्हणून मी ठणकावून सांगितलं असतं. शिकाऊ डॉक्टरांना मी हेच शिकवते. पण ते वाक्य माझ्या टेबलावर आलं, आमटी आणि भाताच्या मध्ये, आणि ते ऐकलं मावशीनं. तीन आठवड्यांनी तो गेला. कॉरोनरच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, डॉक्टरांनी तपासणी केली. हृदयाचा स्नायू जाड झालेला. घराण्यातून येणारा आजार. वडीलही त्यानंच गेले असावेत.

गौरीनं त्या शनिवारी फ्रीज उघडून बोंबलांचा डबा बघितला. मग म्हणाली, “पण आई, तू त्याला चेक केला होता ना?” तिच्या आवाजात दोष नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं. मी सांगितलं, नाही, तपासलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. आजही कधी कधी तशी बघते, आणि मला तिच्यासमोर बसवत नाही.

गेल्या आठवड्यात त्याची आई आली, सामान न्यायला. लहानखुरी बाई, सत्तरीच्या आसपासची. क्लबनं मला फ्लॅटवर सोबतीला बोलावलं होतं. मला तिला सांगायचं होतं. वकिलाला विचारून मग काय ते बोल, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, आणि ते चूक नव्हतं. पाच आठवडे मी वाक्यं जुळवत होते. फ्लॅटमध्ये बघते तर कोपऱ्यात तीन सुटकेसेस. तिसरी कोरी करकरीत, किमतीची चिठ्ठीही न काढलेली. मी त्या सुटकेसकडे बघत असतानाच त्याची आई म्हणाली, “तूच का ती रविवारची डॉक्टर? तो फोनवर सांगायचा. मॉम, इथे माझी एक डॉक्टर आहे, दर रविवारी तपासते. इतकी वर्षं तो कुठे कुठे फिरला. यंदा पहिल्यांदा मी निर्धास्त होते.”

मी सांगून टाकलं. फेब्रुवारीतला रविवार, अंधार, मीठ-साखरेचं पाणी, सगळं. जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. ती त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. ती म्हणेल अशी माझी अपेक्षा होती हे मला तेव्हा कळलं, आणि लाज वाटली…

मग तिनं पर्समधून चष्मा काढला. “त्याला एक बहीण आहे,” ती म्हणाली. “तिला दोन मुलं आहेत. कॅलिफोर्नियात त्यांचा डॉक्टर आहे. त्याला पत्र लिही.” मी म्हटलं, उद्या सर्जरीतून पाठवते. ती म्हणाली, “आत्ता लिही.” स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी लिहायला घेतलं. रुग्णाचं नाव, वय. आर्नेलचं नाव मी डॉक्टर म्हणून पहिल्यांदाच कागदावर लिहीत होते. ती माझ्या खांद्याशी उभी राहून वाचत होती, ओळीखाली बोट धरून, सगळ्या जुन्या नर्सेस वाचतात तसं. आजाराचं नाव लिहून मी खाली सही करायला गेले, तर तिचं बोट वरच्या ओळीवर थांबलं.

“शुद्ध गेली होती ते राहिलं,” ती म्हणाली. “कधी गेली ते लिही. आणि कुणाला सांगितलं होतं, तेही लिही.”

मी लिहिलं.