ठकीचं दार

बेल वाजली की ठकीच्या हातातली सुई थांबायची. थांबून उपयोग शून्य! तिची चाकांची खुर्ची आतल्या खोलीच्या दारातच अडायची, आणि पुढचा बोळ असा चिंचोळा की धड माणूस तिथून अंग चोरूनच जायचा. दार उघडायला वहिनी जायच्या, भाची जायची, कधी तर आधी आलेला पाहुणा नंतरच्याला दार उघडायचा. ठकी आतून ओरडायची, "कोण आहे गं?" आणि कोण आलं ते घरात सगळ्यांत शेवटी तिला कळायचं.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तापात पाय गेले तेव्हा दादा तिला बाहुलीसारखी कडेवर घेऊन गल्लीभर मिरवायचा, म्हणून ठकी. आता तिने चाळिशी ओलांडली, दादाच्या कंबरेने हात टेकले, तरी नाव आपलं चिकटलेलंच. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि ती काजं करून, बटणं लावून परत पाठवायची. शिंपी म्हणायचा, "शर्ट फाटेल एक वेळ, पण ठकीचं काज उसवायचं नाही." तो तिसऱ्या मजल्यावर कधी चढला नाही आणि ती त्याच्या दुकानात कधी गेली नाही. वर्षातून दोनदा दादा तिला पाठंगुळी घेऊन दवाखान्यात न्यायचा, तेवढंच तिचं रस्ता बघणं.

मग दवाखान्यातच तिला एक पत्रक मिळालं. अपंग माणसांसाठी तळमजल्यावरची घरं. भाडं ज्याच्या त्याच्या कमाईच्या मानाने, उरलेलं सरकार भरणार. रुंद दारं, बसल्या बसल्या हात पोचेल असा ओटा. ठकीने ते पत्रक बटणांच्या डब्यात ठेवलं आणि दिवसातून दहा वेळा काढून पाहिलं. पडदे कुठले, खुर्ची कुठे, सगळं मनात लावून झालं. अर्ज तर तिने त्याच आठवड्यात पाठवला.

अर्जानंतर पाहणी. माणूस घरी येऊन बघणार, अर्जदार राहतो कसा. आणि इथेच सगळं घोडं अडलं. घरी साहेब येणार म्हटल्यावर वहिनी थोड्याच गप्प बसणार! दोन दिवस त्यांनी घर घासून काढलं, ठकीला नवे कपडे घातले, बोळातल्या बादल्या नि ट्रंका शेजारी नेऊन ठेवल्या. साहेब टेकतात न टेकतात तोच वहिनींनी सुरू केलं, "आमच्या वन्संना कसली ददात नाही हो. पाण्याचा पेलासुद्धा हातात देते मी. विचारा हवं तर!"

साहेबांनी ठकीकडे बघितलं. ठकीने तोंड उघडलं, पण वहिनींचा चेहरा कौतुकाने असा फुलला होता की तिला शब्द गिळावे लागले. "खरं आहे," ती म्हणाली. साहेबांनी लिहिलं, घरच्यांकडून उत्तम देखभाल, गरज तातडीची नाही. झालं! नाव यादीत तळाला गेलं आणि चार वर्षं तिथेच बसलं.

चार वर्षांनी पुन्हा पाहणीचं पत्र आलं. वहिनींनी लगेच झाडू उचलला. ठकी म्हणाली, "वहिनी, या वेळी काही आवरू नका."

"म्हणजे? परक्या माणसासमोर माझी शोभा करायची?"

"मला दार उघडायचंय हो," ठकी म्हणाली. "कुणीतरी बेल वाजवावी आणि मी जाऊन उघडावं. जन्मभर दुसऱ्यांनीच उघडलेलं बघतेय मी. तुम्ही मला काही कमी केलं नाहीत, देवाशपथ. पण हे तुम्हाला देता येत नाही."

वहिनींनी झाडू कोपऱ्यात भिरकावला. दिवसभर भांडी तेवढी आदळत राहिली.

या वेळी एक तरुण बाई आल्या, बोळातल्या ट्रंकेवर गुडघा आपटूनच आत शिरल्या. वहिनी मळक्या कपड्यांत समोर उभ्या राहिल्या. "घेऊन जा हिला," त्या म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा वन्संची 'ही' झाली. "वीस वर्षं उचलतेय. पाठ गेली माझी. हिची आंघोळ झाल्याशिवाय मला घास नाही. माहेरी सलग चार दिवस राहिले नाही मी. कंटाळले, बाई, आता नाही होत."

हे आपल्यासाठी चाललंय हे ठकीला पक्कं ठाऊक होतं. तरी सुई बोटात घुसली आणि काढायची राहून गेली. बाई भराभर लिहीत होत्या.

आठ महिन्यांनी किल्ली मिळाली. दादाने तिला शेवटचं पाठीवरून खाली उतरवलं आणि गल्लीत सगळ्यांदेखत हुंदका दिला. वहिनींनी सामान बांधून दिलं, पण त्या सोडायला आल्या नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. ठकीने शर्ट टाकला, खुर्ची वळवली आणि कुठेही न अडता थेट दारापाशी गेली. कडी तिच्या छातीशी येत होती. बाहेर वहिनी, हातात पिशवी.

"या वहिनी. या, बसा."

वहिनी खुर्चीच्या टोकावर टेकल्या. ठकी चहाचं आधण ठेवायला वळली तशा सवयीने दोनदा उठल्या. "बसा म्हटलं ना!" ठकीने दटावलं. मग पाठमोरी राहूनच विचारलं, "त्या दिवशी त्या बाईंना जे बोललात..."

"खोटं होतं ते."

पाणी उकळायला लागलं.

"सगळं नव्हतं," वहिनी हळूच म्हणाल्या. "पाठ आता दुखत नाही, वन्सं. पण सकाळी उठून तुमच्या खोलीत जाते. आत गेल्यावर आठवतं, आणि परत येते."

ठकीने चहाची पूड टाकली, साखरेचा डबा उघडला, आणि चमचा हातातच राहिला. वीस वर्षं रोज दोन वेळा याच बाईच्या हातचा चहा ती प्यायली होती.

"साखर किती घालू, वहिनी?"

"अडीच," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं हो."