खोट्या साक्षीदाराची भूमिका

इन्शिराहला माणसांची किळस एका दिवसात आली नव्हती. पण त्या दिवशी सांस्कृतिक केंद्राच्या सभागृहात ती आली, ती थेट घशाशीच.

मीत नईममध्ये तिला कोण ओळखत नाही? अर्ध्या गावाच्या पोरांनी तिच्या हातचे गणवेश घातलेत. नवरा तरणाच गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती बापाच्या घरी परतली आणि बापाचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं. बाप गेला, शोकाचा मांडव उतरला आणि थोरला भाऊ बयूमी म्हणाला, "घर माझं. बाबांनी हयातीतच मला विकलंय." धर्मानं भावाला दोन वाटे, बहिणीला एक. तो एक वाटासुद्धा मेल्या बयूमीच्या डोळ्यांत खुपला!

प्रकरण कोर्टात गेलं. बयूमीच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले हाज शुक्री. धान्याचे व्यापारी, हजला जाऊन आलेले, कपाळावर नमाजाचा काळा घट्टा, हातात अष्टौप्रहर जपमाळ. त्यांनी घसा खाकरला, उजवा हात छातीवर ठेवला, डोळे छताकडे लावले आणि म्हणाले, "थोर अल्लाची शपथ, खरं तेच सांगेन." मग सांगितलं, सौदा माझ्यासमोर झाला, म्हातारा हसतमुख होता. अहो, म्हाताऱ्याला तेव्हा चमचा धरवत नव्हता! इन्शिराह ताडकन उठली, तर न्यायाधीश म्हणाले, "बसा बाई, तुमचे वकील बोलतील." वकीलसाहेब बोलले नाहीत. ती बसली. घर बयूमीला गेलं, आणि तेव्हापासून ती कोशारीच्या, म्हणजे मसूरभाताच्या, दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत राहते. तळलेल्या कांद्याचा वास गणवेशांनासुद्धा लागतो, आणि पोरांच्या आया नाक मुरडतात.

गावच्या नाटकमंडळीत ती जुनी. कपडे शिवायची आणि वर एखाद्या मोलकरणीचं नाही तर रडणाऱ्या शेजारणीचं काम करायची. नायक मात्र कायम एकच. कोण म्हणून काय विचारता? हाज शुक्रीच.

यंदा तांता शहरातून वगीह नावाचा तरुण दिग्दर्शक आला, आणि त्यानं कोर्टातलं नाटक निवडलं. भाऊ खोटा साक्षीदार उभा करून बहिणीचा वाटा गिळतो. साक्षीदार शपथ घेतो, खोटं बोलतो आणि मग बहीण करीमा उठून भर कोर्टात त्याला उत्तर देते. ते भाषण इन्शिराहनं शिवणयंत्रावर बसून पाठ केलं होतं. न्यायाधीशासमोर उभं राहायचं आणि कुणी 'बसा' म्हणणार नाही! तिला दुसरं काही नको होतं.

निवड दुपारच्या नमाजानंतर सुरू झाली. मंडळी भोपळ्याच्या बिया सोलत बसलेली. कोर्टाच्या शिपायाचं काम मागणाऱ्यानं "न्यायालय!" अशी आरोळी ठोकली की सगळे हसत उभे राहायचे. इन्शिराहचा नंबर आला. समोर साक्षीदार म्हणून वगीहनं हाज शुक्रींनाच बोलावलं. ती तरीही उभी राहिली.

"घ्या हाज, शपथेपासून," वगीह म्हणाला.

हाज शुक्रींनी जपमाळ खिशात टाकली, संहिता बाजूला ठेवली आणि कानाला हात लावले. "तौबा, तौबा! हे वाक्य मी उच्चारणार नाही बेटा. थोर अल्लाचं नाव घ्यायचं आणि पुढं खोटं बोलायचं? नाटकातसुद्धा नाही. उद्या वर जाऊन जाब द्यायचाय मला."

"वा, हाज!" कुणीतरी म्हणालं. "ईमान असावं तर असं."

इन्शिराहला वाटलं, आपल्याला भर सभागृहात ओकारी होणार. थू! या माणसाला लाज कशी ती नाही? आणि हे 'वा वा' करणारे? यांतले निम्मे त्या दिवशी कोर्टाच्या बाकांवरच होते की!

वगीहनं दुसऱ्यांना विचारलं. एकानं शपथ म्हटली, पण अल्लाचं नाव गिळूनच टाकलं. दुसरा आधी पुटपुटला, "देवा, हे नुसतं नाटक आहे हं." कोर्टातल्या पेशकाराला विचारलं, तर त्याची बायको रईफाच मधे पडली, "आमच्या लेकरांच्या डोक्यावर का पाप घेताय?" ही रईफा उधारीचे कपडे नेऊन 'दिले होते पैसे' म्हणून इन्शिराहच्या तोंडावर सांगणारी!

वगीह वैतागला. "ठीक आहे. शपथ काढून टाकू. साक्षीदार नुसता येऊन बोलेल."

"आणि करीमाचं भाषण?" इन्शिराहनं विचारलं.

"शपथच नाही तर ती उत्तर कशाला देणार, बाई? तेही जाईल."

म्हणजे इथंही बसा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "शपथ काढायची नाही," ती म्हणाली.

"मग घेणार कोण?"

"मी."

"अहो, तो पुरुष आहे," हाज शुक्री हसले.

"बाई करू त्याला," वगीह म्हणाला. "पण मग करीमा तुम्हाला मिळायची नाही, कळतंय ना?"

तिनं एकदा संहितेकडं पाहिलं. त्या भाषणाचा एक एक शब्द तिच्या जिभेवर होता. मग तिनं संहिता रईफाच्या हातात दिली.

ती पुढं आली. घसा खाकरला. उजवा हात छातीवर ठेवला. डोळे छताकडे लावले. "थोर अल्लाची शपथ, खरं तेच सांगेन," ती म्हणाली, शेवटचा शब्द तस्साच लांबवून, आवाज तस्साच मधाळ करून. "सौदा माझ्यासमोर झाला, साहेब. म्हातारा अगदी हसतमुख होता."

हे शेवटचं वाक्य संहितेत नव्हतं. बिया सोलणारे हात थांबले. कुणी हाज शुक्रींकडं बघेना, आणि कुणाला दुसरीकडं कुठं बघावं तेही कळेना.

"अप्रतिम!" वगीह ओरडला. बिचाऱ्या परगावच्या पोराला काय माहीत! "कुठं शिकलात हो हे?"

"जवळून ऐकलंय," ती म्हणाली.

मग टाळ्या पडल्या. ज्यांना सगळं कळलं होतं त्यांनीच जोरात वाजवल्या, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली. हाज शुक्री क्षणभर पांढरे पडले होते. पण गडी नटच शेवटी! सावरले, जपमाळ काढली, जवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेनं म्हणाले, "छान केलंस हो, इन्शिराह. पण खोटी शपथ ती खोटीच, पोरी. नाटकातली का असेना, मनाला डाग पडतो. थोरला भाऊ समजून सांगतो, प्रायश्चित्त घेऊन टाक. दहा गरिबांना जेवू घाल, म्हणजे सुटलीस."

 इन्शिराहनं त्यांच्याकडं पाहिलं, यावेळी स्वतःच्याच डोळ्यांनी, आणि बोलली ती स्वतःच्याच आवाजात.

"दहाच ना, हाज? मग घरी सांगा, चूल पेटवायला. पहिलं ताट माझं वाढा. तुम्ही शपथ घेतलीत त्या दिवसापासून मी त्या दहांतच आहे."

तिला कुणीही 'बसा' म्हणालं नाही.